उन्हाळी म्हणून सोडलेलं दुखणं

(पडद्यावर: पऱ्हाटीचं वावर, दुपार. ओटीत कापूस भरणाऱ्या बाया.)

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात येते. मजुरी किलोवर. सकाळी ओटी बांधली की भाकरीच्या वेळेपर्यंत पाठ सरळ होत नाही. धुऱ्यावर बाभळीखाली पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. तीन वाजले तरी निम्म्या बाटल्यांची बुचं उघडलेली नाहीत.

"पाणी पेलं की जा लागते. अन् जावं कुठं? पलीकडच्या वावरात गडीमाणसं हायेत."

म्हणून पाणीच प्यायचं नाही, आणि आलेली लघवी संध्याकाळपर्यंत दाबून धरायची. जळजळ सुरू झाली की घरोघरी निदान एकच, उन्हाळी लागली. मग धन्याचं पाणी, ताक. बरं वाटतं, पण लघवीच्या वाटेत शिरलेले जंतू मरत नाहीत.

हा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाचा 20 च्या आसपास. त्यामुळे बायांना हा त्रास जास्त. जंतू मूत्राशयात शिरतो, तुंबलेल्या लघवीत वाढतो आणि कधीकधी वर किडनीपर्यंत चढतो. तेव्हा हीव वाजून ताप येतो, उलट्या होतात, बरगडीखाली पाठीत एका बाजूनं ठणका लागतो. वेचणीच्या दिवसांत कंबर कोणाची दुखत नाही? फसगत इथंच होते. पण नुसत्या कंबरदुखीत हीव भरत नाही.

(पडद्यावर: प्राथमिक आरोग्य केंद्र. टेबलावर झाकणाची छोटी बाटली.)

"डॉक्टर, एक सुई मारून द्या, उद्या वेचाले जायाचं हाये."

सुईनं ताप उतरतो, दुखणं आतच राहतं. त्यात डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची औषधं अंगात पाणी कमी असताना किडनीलाच इजा करू शकतात. आम्ही तर म्हणू, पहिला मान या छोट्या बाटलीचा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, पहिली धार सोडून मधल्या धारेची लघवी तीत घ्यायची. कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर औषध थांबवत नाहीत; रिपोर्ट पाहून लागलं तर बदलतात.

शेजारणीकडच्या उरलेल्या गोळ्यांचं काय? जळजळीवर हमखास दिली जाणारी नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरती चांगली. किडनीच्या आत ती पुरेशी पोचतच नाही.

किडनीपर्यंत चढलेल्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 7 ते 14 दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ताप जातो, बाई वावरात जाते, गोळ्या फळीवर राहतात. मग दुखणं उलटतं, आणि तेच औषध पुढच्या खेपेला लागू पडेलच असं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही.

उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर भरती होऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं. गरोदर बाईला तर घरी ठेवूच नये; या तापानं दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. शुगर असलेल्यांनीही वाट पाहू नये.

औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर सोनोग्राफी. मूतखड्यानं वाट अडली असेल तर त्यामागे पू साठतो आणि नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही. नळी टाकून वाट मोकळी करावी लागते. त्यासाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठायचं, आणि तेही सकाळच्या एसटीची वाट न बघता.