नितळ झालं, पण पिता येईल का?

(दृश्य: उलटी टांगलेली प्लॅस्टिकची बाटली, खाली काचेचा पेला. संगीत नाही, फक्त थेंबांचा आवाज.)

बाटलीच्या तोंडातून एक थेंब सुटतो, पेल्यात पडतो. मग दुसरा. वरून ओतलं ते पाणी इतकं गढूळ होतं की त्यात बुडवलेलं बोट दिसत नव्हतं. खाली पेल्यात जमतंय ते जवळजवळ नितळ आहे. पेला उचलून सरळ तोंडाला लावावासा वाटतो.

लावू नका. का ते पुढे येईलच. आधी ही बाटली भरली कशी ते बघू.

(दृश्य: हात, कात्री, बाटली.)

दोन लिटरची बाटली घ्यायची, बूड कापून टाकायचं आणि उलटी धरायची. झाकणाला खिळा तापवून एक बारीक भोक. आत, तोंडाशी, सुती फडक्याची जाड घडी घट्ट बसवायची. त्यावर कुटलेला लाकडी कोळसा, त्यावर बारीक वाळू, मग जाड वाळू आणि सगळ्यात वर बारीक खडी. खडी पाला-काडीकचरा अडवते, वाळू गाळ धरते, कोळसा वास आणि रंग थोडाफार ओढून घेतो. थोडाफारच, कारण कारखान्यात तयार होणाऱ्या सक्रिय कोळशाची ताकद चुलीतल्या कोळशाला नसते. चटकन पेटावेत म्हणून तेल किंवा रसायन लावलेले तयार कोळसे मात्र अजिबात वापरायचे नाहीत. आणि राख म्हणजे कोळसा नव्हे, हेही सांगून ठेवतो.

(दृश्य: बादलीत वाळू धुणारे हात. हे दृश्य लांबवावे.)

सगळ्यात कंटाळवाणं काम हे, आणि घाई होते तीही इथेच. वाळू बादलीत घ्या, पाणी ओता, हात कोपरापर्यंत घालून ढवळा आणि वरचं पाणी ओतून द्या. पुन्हा तेच. पहिल्यांदा करताना आम्ही तीन पाण्यांतच थांबलो, कोळसा तर धुतलाच नाही. नळीतून शाई सोडावी तसं पाणी आलं. दुसऱ्या खेपेला वाळूला नऊ पाणी लागली. तरीही गाळणीतून येणारं पहिलं पाणी थोडं काळपट असतंच, ते फेकून द्यायचं.

(दृश्य: पेला, उजेडासमोर धरलेला.)

आता या नितळ पाण्याकडे वळू. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुलाब लावणारे जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, विषाणू त्याहून कितीतरी लहान. वाळूच्या दोन कणांमधली फट त्यांच्यापुढे किल्ल्याचा महादरवाजाच. गाळ अडकतो, ते निघून जातात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

मग वाळूने पाणी शुद्ध होतं म्हणतात ते खोटं का?

(दृश्य: जुन्या शहराचा नकाशा, नदी आणि शेजारी लागून असलेली दोन गावं.)

1892 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला आणि साडेआठ हजारांवर माणसं गेली. पाणी एल्बे नदीचं, न गाळलेलं. शेजारचं अल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या बाजूला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेणारं. पण तिथे पाणी वाळूच्या मोठ्या हौदांतून सावकाश गाळलं जाई, आणि अल्टोना बऱ्याच अंशी वाचलं.

तिथली वाळू जिवंत होती. हळूहळू पाणी मुरत राहिलं की वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांची एक बुळबुळीत साय धरते. तीच रोगजंतूंना अडवते आणि खाते. ही साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तिच्यावर सतत पाणी राहावं लागतं. 1990 च्या दशकात कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे डेव्हिड मान्झ यांनी याच तत्त्वावर घरगुती गाळणी तयार केली. तिची बाहेर येणारी नळी मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे वाळूवर नेहमी काही सेंटीमीटर पाणी उभं राहतं. आपली बाटली आज भरली, आजच वापरायची. तिला साय कुठून येणार?

(दृश्य: चुलीवर भांडं. बुडबुडे.)

म्हणून पुढचं पाऊल उकळण्याचं. नुसती वाफ नको, पाणी खळाखळा उकळायला हवं आणि तसं पूर्ण एक मिनिट राहायला हवं. दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

जळण नसेल तर सुगंध न घातलेलं साधं द्रव ब्लीच (कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं द्रावण), पाच ते सहा टक्क्यांचं. लिटरला दोन थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. शेवटी क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. वास नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी पंधरा मिनिटं थांबायचं. गढूळ पाण्यात हा क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत उरत नाही. बाटली कामाला येते ती इथे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यामुळे जळण हाताशी असेल तर मी उकळणंच पसंत करेन.

ऊन असेल तर रंगहीन बाटलीत भरलेलं पाणी कडक उन्हात सहा तास; आभाळ भरून आलेलं असेल तर दोन दिवस. इथेही पाणी नितळच लागतं, गढुळातून किरण आत जात नाहीत.

पाण्यावर तेलाचा तवंग असेल, कीटकनाशकाचा वास येत असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. उकळल्याने रसायन जात नाही. ते पाणी सोडून दुसरं शोधायचं.

(दृश्य: निवलेलं पाणी झाकणाच्या भांड्यात ओतलं जातंय. शेजारी गाळलेल्या पाण्याची बादली, काठावर लाल मग.)

उकळलेलं पाणी झाकून निवू द्यायचं. लाल मग गाळलेल्या पाण्याचा आहे, तो या भांड्यात बुडवायचा नाही. यासाठी हा दुसरा, पांढरा.