मी तुला सांगतो: केनियातील एका जमातीच्या नावाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यात प्रत्येक नागरिकाला त्याची जमात विचारली जाते. 24 ऑगस्ट 2019 च्या रात्री सुरू झालेल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 4 कोटी 75 लाख भरली. 1969 साली ती 1 कोटी 9 लाख होती, म्हणजे पन्नास वर्षांत ती चौपटीहून अधिक झाली. आता मात्र हा वेग उतरला आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या स्त्रीला सरासरी आठ मुले होत असत. 2022 च्या पाहणीत हे प्रमाण 3.4 वर आले.

या लोकसंख्येत किकुयु सुमारे 81 लाख, लुह्या 68 लाख, कालेंजिन 63 लाख, लुओ 50 लाख आणि कांबा 46 लाख आहेत. त्यांच्यामागून सोमाली, किसी, मिजिकेंडा, मेरू, मसाई असे अनेक समाज येतात. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून एवढेच पुन्हा सांगतो: सर्वांत मोठा समाज किकुयु, आणि तोही शंभरांत सतराच. एकट्याच्या बळावर बहुमत गाठील असा एकही समाज तिथे नाही.

मी ‘जमात’ हा शब्द वापरतो आहे, ‘टोळी’ हा नव्हे. आपल्या वृत्तपत्रांना आफ्रिकेतील माणसांसाठी ‘टोळी’ हाच शब्द सुचतो, याचे मला फार वाईट वाटते. टोळी दरोडेखोरांची असते. लाखो माणसांच्या, स्वतःची भाषा, गाणी आणि कायदेकानू असलेल्या समाजाला आपण टोळी म्हणू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आपल्यापुढे आलो आहे ती सांगतो. तिचा जन्म आकाशवाणीच्या लहरींवर झाला आहे, आणि म्हणूनच ती मला अतिशय प्रिय आहे.

केनियाच्या पश्चिमेला, रिफ्ट खोऱ्याच्या आजूबाजूच्या उंच, थंड पठारांवर नांदी, किप्सिगिस, तुगेन, केयो, मराक्वेत, पोकोट असे समाज पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखत आले. त्यांच्या बोली एकमेकींना जवळच्या होत्या आणि चालीरीतीही मिळत्याजुळत्या होत्या. मुलाचे नाव तो कोणत्या वेळी, कोणत्या प्रसंगी जन्मला त्यावरून ठेवायचे: पहाटे झाला तर किपकोएच, संध्याकाळी शेळ्या घरी परतताना झाला तर किप्रोनो, पाऊस पडत असताना झाला तर किप्रोप, आणि त्याच पावसात मुलगी झाली तर चेरोप. धावपटू एलिउड किपचोगे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या नावात धान्याचे कोठार आहे. दुधाची रीतही सारखीच. विरजण कसे लावतात हे आपल्याला सांगायला नको, पण ही मंडळी दूध तापवून, निववून भोपळ्याच्या तुंब्यात भरतात, आणि त्याआधी तो तुंबा एका विशिष्ट झाडाच्या जळक्या काठीने आतून घासून काढतात. काही दिवसांनी त्या दुधाला किंचित राखाडी रंग आणि धुराचा वास येतो. त्याला ‘मुर्सिक’ म्हणतात. शर्यत जिंकून मायदेशी परतलेल्या धावपटूच्या ओठांना आजही हाच तुंबा लावला जातो.

दूध एक, नावांची रीत एक. परंतु या सर्वांना मिळून एक नाव मात्र नव्हते. इंग्रज अधिकारी आणि अभ्यासक त्यांना ‘नांदीभाषक लोक’ म्हणत. एका शेजाऱ्याचे नाव सगळ्या आळीला देण्यासारखाच हा प्रकार होता.

पुढे दुसरे महायुद्ध आले आणि या पठारांवरचे अनेक तरुण सैन्यात गेले. त्या काळात जॉन चेमल्लान नावाचे एक निवेदक नांदी भाषेतून युद्धकाळातील कार्यक्रम सादर करत आणि त्याची सुरुवात ‘कालेंजोक’ या शब्दाने करत. कालेंजोक म्हणजे ‘मी तुम्हाला सांगतो’. सुदैवाने मराठीत ‘तुला’ आणि ‘तुम्हाला’ हा भेद आहे, त्यामुळे पुढची गंमत आपल्याला सहज कळेल. नैरोबीजवळच्या अलायन्स या शाळेत त्या वेळी याच समाजांतील चौदा मुले शिकत होती आणि आपल्या गटाला नाव शोधत होती. त्यांनी निवेदकाचा तो शब्द घेतला आणि त्याचे एकवचन केले: कालेंजिन, म्हणजे ‘मी तुला सांगतो’. 1948 साली एल्डोरेट गावी कालेंजिन युनियन स्थापन झाली, 1950 च्या दशकात त्याच नावाचे मासिक निघाले, आणि 1978 साली तुगेन समाजातले डॅनियल अराप मोई राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा साऱ्या देशाने त्यांना कालेंजिन म्हणूनच ओळखले. आजचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो हेही कालेंजिन आहेत. सुमारे 63 लाख लोकांचे हे नाव अशा प्रकारे निवेदकाच्या एका शब्दातून आले. मिजिकेंडा आणि लुह्या ही नावेही साधारण त्याच काळात, अनेक लहान समाजांनी एकत्र येऊन रुजवली.

नाव नवे असले म्हणून त्याची धार बोथट नसते. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात 1,100 हून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे सहा लाख बेघर झाली. रिफ्ट खोऱ्यात कालेंजिन आणि किकुयु शेजारी एकमेकांवर उठले. त्या वेळी कालेंजिन भाषेतील एका नभोवाणी केंद्राच्या निवेदकावरही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, आणि 2016 मध्ये पुरेशा पुराव्याअभावी तो थांबवण्यात आला. ध्वनिक्षेपकासमोर बसताना मला चेमल्लान आठवतात, तसाच हा खटलाही आठवतो.

जमातींची यादी अजूनही वाढते आहे. मोझांबिकमधून मळ्यांवर कामाला आलेल्या माकोंडे लोकांना 2016 मध्ये त्रेचाळिसावी जमात म्हणून मान्यता मिळाली, आणि जुलै 2017 मध्ये चव्वेचाळिसावी जमात म्हणून भारतीय वंशाच्या केनियन नागरिकांना. 1896 ते 1901 या काळात मोम्बासाहून आत जाणारा लोहमार्ग बांधण्यासाठी इंग्रजांनी आपल्याकडून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले काही तिथेच राहिले, व्यापारीही मागोमाग गेले, आणि स्वाहिलीत आजही दुकानाला ‘दुका’ व पोळीला ‘चपाती’ म्हणतात.

जनगणनेच्या तक्त्यात कालेंजिन या शीर्षकाखाली नांदी, किप्सिगिस, तुगेन, पोकोट अशा पोटसमाजांच्या ओळी आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक ओळ आहे, ज्यांनी पोटसमाज न सांगता नुसते ‘कालेंजिन’ म्हटले त्यांच्यासाठी. प्रगणक दारात उभा राहतो, तुमची जमात कोणती असे विचारतो, आणि घरातला माणूस उत्तर देतो: मी तुला सांगतो. प्रगणक ते तसेच लिहून घेतो.