घरात चार गाड्या: विम्याचे पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

(कोल्हापुरात दुचाकीप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. घरटी एक गाडी हे दिवस आपल्याकडे केव्हाच मागे पडले. रोजच्या कामाची स्प्लेंडर, बायकोची अ‍ॅक्टिव्हा, हौसेची बुलेट आणि विकायला जीव होत नाही म्हणून जपून ठेवलेली आरएक्स हंड्रेड. असा गोतावळा इथल्या बऱ्याच घरांत निघेल. चौघींचे विमे चार वेगवेगळ्या महिन्यांत संपतात आणि दर वेळी एजंटला एकच प्रश्न जातो: स्वस्तात कसं बसेल?

माझी उमेदीची वर्षं विमा दाव्यांच्या कामात गेली. त्यामुळे या प्रश्नाकडे मी हप्ता भरण्याच्या बाजूने बघत नाही, दावा दाखल होतो त्या बाजूने बघतो. तिथून मला जे दिसतं ते असं: एकाच गोष्टीचे पैसे आपण दोनदा, चारदा भरत असू, तर ते हक्काने वाचवावेत. पण ज्या विम्याचे पैसे रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार आहेत, तिथे एक रुपयाही कापू नये. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट चाललेलं असतं.

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला झालेल्या हानीची भरपाई देणारा विमा, आधी घेऊ. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 146 सांगतं, की विम्याशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. पकडलं गेलं तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलं तर चार हजार दंड, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. याचे दर कंपनी ठरवत नाही, ते सरकार ठरवून देतं. 1 जून 2022 पासून लागू झालेले दर बघा: 75 सीसीपर्यंत 538 रुपये, त्यापुढे 150 सीसीपर्यंत 714, 350 सीसीपर्यंत 1,366 आणि त्याच्यावर 2,804. त्यावर 18 टक्के जीएसटी. मघाच्या चार गाड्या धरल्या तर स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हा, आरएक्स यांचे प्रत्येकी 714 आणि बुलेट 350 चे 1,366, म्हणजे 3,508 रुपये. कर धरून साधारण 4,140. वर्षाचे, चारही गाड्यांचे मिळून. यात घासाघीस करायला जागाच नाही, कारण कुठल्याही कंपनीत गेलात तरी आकडा हाच.

मग लोक काय करतात? जी गाडी ‘फारशी बाहेर काढत नाही’ तिचा विमा सोडून देतात. आरएक्स महिन्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत जाते, तिला कशाला? आता त्या एका दिवशी काय होऊ शकतं ते हिशेबानेच बघू. समजा, धडक बसून 32 वर्षांचा एक माणूस गेला. स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याची कमाई वीस हजार, मागे बायको, दोन मुलं आणि आई. दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं हे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी ठरवून दिलं आहे. वर्षाची कमाई 2 लाख 40 हजार. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा असलेला माणूस, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईचे 40 टक्के त्यात मिळवायचे: 3 लाख 36 हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा: 2 लाख 52 हजार. 31 ते 35 या वयोगटाचा गुणक 16. गुणाकार केला की 40 लाख 32 हजार रुपये होतात. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी, व्याज वेगळं.

विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते, आणि मृत्यू किंवा इजा यांच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. विमा नसेल तर गाडीमालकाच्या घरावर, शेतावर जप्ती येते. पण मला त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. जप्तीतूनही इतके पैसे उभे राहत नाहीत. आपण 714 रुपये वाचवलेले असतात आणि त्या दोन मुलांच्या हातात निकालाचा कागद तेवढा पडतो. अशा फायली मी हाताळल्या आहेत, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो.

आता वाचवायच्या जागा. पहिली मोठी जागा पीएची, म्हणजे मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. 2018 च्या सप्टेंबरात हे संरक्षण 15 लाखांचं झालं आणि त्याचा दर वर्षाला 750 रुपये ठरला. तेव्हा ते प्रत्येक गाडीच्या पॉलिसीला चिकटूनच यायचं. चार गाड्या, चारदा 750, म्हणजे तीन हजार. थर्ड पार्टीच्या सगळ्या रकमेच्या जवळपास गेलं की नाही? 1 जानेवारी 2019 पासून नियम बदलला. हे संरक्षण माणसाचं आहे, गाडीचं नाही. एका मालकाने ते एकदा घेतलं की त्याच्या नावावरच्या सगळ्या गाड्यांना पुरतं. दरही आता कंपनीगणिक वेगळे आहेत. तरी नूतनीकरणाच्या पावत्या काढून बघा, ‘पीए ओनर ड्रायव्हर’ ही ओळ किती पावत्यांवर दिसते ते. पहिल्या पॉलिसीचा नंबर द्या आणि बाकीच्या गाड्यांवरून ती ओळ काढायला सांगा.

याच्याही पुढे जाता येतं. तुमच्याकडे किमान 15 लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर गाडीसोबतचा पीए घ्यावाच लागत नाही. 1 एप्रिल 2021 पासून ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंतची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा जरूर ठेवा, वीस रुपयांत दोन लाखांचं संरक्षण कुठे मिळतं? पण 15 लाखांच्या या अटीला तो पुरत नाही. घरात गाड्या जास्त आणि चालवणारेही जास्त असतील, तर मी चालवणाऱ्या प्रत्येकाची स्वतंत्र अपघात पॉलिसीच सुचवेन. कारण सांगतो.

आपल्याकडे गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा, हे सर्रास असतं. बुलेट वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा. गाडीसोबतचा पीए नोंदणीकृत मालकाचा असतो, मुलाला त्यातून काही मिळेल असं धरून चालू नका. बरं, दुसऱ्या कुणाची चूक नसताना मुलगा घसरून पडला तर वडिलांच्या थर्ड पार्टीतून तरी मिळेल का? तेही नाही. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, तो ‘थर्ड पार्टी’ राहत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. कमावता मुलगा जातो आणि घरात पॉलिसी असूनही हात रिकामे राहतात. आणखी एक प्रकार म्हणजे गाडी आईच्या नावावर आणि आईकडे लायसनच नाही. मालकाकडे चालू लायसन नसेल तर तिथे पीए लागूच होत नाही. त्याचे पैसे भरले असतील तर ते वाया गेले.

डबलसीट बसणाऱ्याचंही लक्षात असू द्या. फक्त थर्ड पार्टी असलेल्या पॉलिसीत मागे बसलेल्याची भरपाई कंपनीवर येत नाही, असा 2006 चा निकाल आहे. पॅकेज पॉलिसीत, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, त्यात तो धरलेला असतो. ज्या गाडीवर बायको किंवा मुलगी रोज मागे बसते, त्या गाडीला तरी पॅकेज घ्या.

दुहेरी पैसे जाण्याची दुसरी जागा आहे नवी गाडी. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच भरावा लागतो. 75 ते 150 सीसीला 3,851, 350 सीसीपर्यंत 7,365, वर कर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एका वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी फोन येतो, ‘साहेब, विमा संपला’, आणि आपण पुन्हा पूर्ण पॅकेज घेतो. थर्ड पार्टी आधीच भरलेला असतो! 2019 च्या सप्टेंबरपासून नुसता नुकसानीचा विमा वेगळा मिळतो. तेवढाच मागा.

या नुकसानीच्या विम्याचे दर 2007 पासून मोकळे आहेत, तेव्हा इथे चार कंपन्यांचे आकडे मागवायलाच हवेत. गाडीगणिक वेगळा निर्णय घ्यावा. आठ वर्षांच्या स्प्लेंडरची विम्यातली किंमत थोडी, दुरुस्ती स्वस्त, शिवाय प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी कपात. ती नुसत्या थर्ड पार्टीवर ठेवली तर चालेल. आरएक्सचं तसं नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनीने आणि मालकाने मिळून ठरवायची असते, पण संगणकावर येणारा आकडा बाजारभावाच्या जवळपासही नसतो. फोटो, खर्चाची बिलं घेऊन बोला. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला बऱ्याच कंपन्या थर्ड पार्टीशिवाय काही देत नाहीत, हेही खरं आहे.

कोल्हापुरात बसून पुराबद्दल बोलायलाच हवं. चोरी एका गाडीची होते. पाणी तळघरातल्या सगळ्या गाड्यांवर एकाच रात्री चढतं. 2019 ला आणि 2021 ला शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला काय झालं ते तुम्ही बघितलं आहे. थर्ड पार्टीवाल्यांना पुराचा एक पैसाही मिळत नाही. तुमचं पार्किंग पूररेषेत असेल तर निदान महागड्या गाडीला तरी नुकसानीचा विमा ठेवा. आणि पाण्यात बसलेल्या गाडीला किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च पुरामुळे नाही, तुमच्यामुळे झाला असं कंपनी म्हणते. गाडी ढकलत नेऊन आधी प्लग काढायचा आणि फोटो काढून कंपनीला कळवायचं.

मध्येच एक चिठ्ठी आली आहे: सगळ्या गाड्यांची मिळून एकच पॉलिसी मिळते का? 2022 च्या जुलैमध्ये विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, एकाच मालकाच्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी फ्लोटर, म्हणजे सगळ्या गाड्यांना मिळून एकच, अशा संरक्षणाला परवानगी दिली. गाडी किती चालते त्यावर हप्ता ठरवण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. हौसेच्या गाडीला ही दुसरी सोय फार उपयोगी आहे. मात्र अटी कंपनीगणिक बदलतात. फ्लोटर घेताना एका गाडीच्या दाव्याने बाकीच्या गाड्यांच्या बोनसचं काय होतं, हे लेखी विचारून घ्या.

बोनस, म्हणजे एनसीबी (नो क्लेम बोनस). दावा न केल्यास पहिल्या वर्षी नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट, वाढत वाढत पाचव्या वर्षी 50 टक्के. नूतनीकरण 90 दिवसांपेक्षा जास्त लांबलं की सगळी जाते. चार गाड्या असल्या की एखादी तारीख हमखास निसटते, तेव्हा चारही तारखा घरातल्या कॅलेंडरवर मांडा. आरशाच्या काचेसाठी दावा करून 50 टक्के घालवू नका. हा बोनस मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या दुचाकीला लावता येतं. शोरूमवाला विमा आमच्याकडूनच घ्या म्हणेल. तसं बंधन नाही.

विकण्याचा विषय निघालाच आहे. अनेक गाड्या बाळगणारा माणूस एखादी अधूनमधून काढतोच. ओळखीत व्यवहार होतो, पैसे मिळतात, आरसी मात्र आपल्याच नावावर राहते. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असाच एक खटला निकाली काढला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, नोंद पहिल्याच्या नावावर होती, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. गाडी दिली त्याच दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा. आरटीओला 14 दिवसांत कळवा. घेणाऱ्यालाही पॉलिसी नावावर करायला 14 दिवसच असतात. आणि आरसीवर त्याचं नाव चढलेलं सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर स्वतः बघेपर्यंत, त्या गाडीचा थर्ड पार्टी संपू देऊ नका. वेळ पडली तर हप्ता तुम्ही भरा.