बेडाक्विलीन आणि हरकतीचा हक्क

क्षयरोगाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले की रुग्णाला पूर्वी महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत, आणि त्यांच्या दुष्परिणामाने अनेकांची श्रवणशक्ती कायमची जात असे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींच्या वाट्याला हेच आले. बेडाक्विलीनच्या गोळ्यांमुळे अशी इंजेक्शने टाळता येऊ लागली. मात्र या गोळ्यांवर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी होती. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारासाठी कंपनीने केलेला वेगळा अर्ज मंजूर झाला असता, तर ही मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २०१९ मध्ये या दोघींनी अर्जावर हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला.

अशी हरकत कायद्यात बसते, यामागे इतिहास आहे. १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट दिले आणि त्या आधारावर भारतातला स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये औषधांवरही २० वर्षांचे पेटंट द्यावे लागले. पण त्याच वेळी संसदेने कलम ३(ड) घातले. ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी असल्याचे दाखवता आले नाही, तर त्याला पेटंट मिळत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हाच निकष उचलून धरला. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. त्यासाठी स्पर्धक कंपनीच असावे लागत नाही.

सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देण्याची, तरतूदही आहे. २०१२ मध्ये नॅटको कंपनीला तो मिळाला, तेव्हा नेक्सावार या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. कलम ८४ खाली त्यानंतर असा परवाना दिला गेलेला नाही. त्यामुळे व्यवहारात रुग्णांची भिस्त राहते ती हरकतीवर, आणि नेमकी तीच वाट मार्च २०२४ च्या पेटंट नियमांनी अरुंद केली. पूर्वी विनामूल्य असलेल्या हरकतीला आता शुल्क लागते. ती ग्राह्य आहे की नाही, हे आधी पेटंट कार्यालयाचा नियंत्रक ठरवतो. आणि पेटंटचा देशात किती वापर झाला, याचे सक्तीचा परवाना मागताना उपयोगी पडणारे दरवर्षीचे विवरण आता तीन वर्षांतून एकदाच द्यावे लागते. निरर्थक हरकतींनी अर्ज रखडतात, हा कंपन्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय म्हणून मुदती बांधून देता आल्या असत्या, रुग्णांकडून पैसे घेण्याचे कारण नव्हते.

सुधारणा करायचीच तर रुग्ण आणि त्यांच्या संघटनांना शुल्क माफ करावे आणि वार्षिक विवरण पुन्हा लागू करावे. त्याचबरोबर औषधाला सर्वमान्य नाव मिळालेले असल्यास ते पेटंटच्या अर्जात नोंदवणे बंधनकारक करावे. आज अनेक अर्जांत केवळ रासायनिक सूत्रे असतात आणि ती कोणत्या गोळीची आहेत, हे शोधण्यातच हरकत घेणाऱ्याचा बराचसा वेळ जातो.