ढगांपाशी अडलेला आकडा

[दृश्य: १९७० च्या दशकातली संगणक-खोली]

१९७९ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या वुड्स होल गावी ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली मोजके शास्त्रज्ञ जमले. प्रश्न एकच होता : हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वी किती तापेल? पुढ्यात दोन गटांची मॉडेलं होती, म्हणजे संगणकावर मांडलेलं पृथ्वीचं हवामान. स्युकुरो मानाबे यांचं उत्तर सुमारे २ अंश, जेम्स हॅन्सन यांचं सुमारे ४. समितीनं दोन्हीकडे अर्धा-अर्धा अंश सोडला आणि लिहिलं, दीड ते साडेचार.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१३ च्या अहवालातही आकडा तोच! दीड ते साडेचार. मधल्या काळात संगणक कुठल्या कुठे गेले. हा आकडा मात्र ढगांपाशी अडून बसला.

ढगाची दोन कामं, दोन्ही उलटी. दिवसा तो ऊन परतवतो. रात्री जमिनीची उष्णता अडवतो. हिवाळ्यात आभाळ आलं की थंडी पळते, ती म्हणूनच. जगभरचा हिशेब मांडला तर गारव्याचं पारडं जड आहे : दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यानं पडणारी भर साधारण ४ वॅटची. तेव्हा ढगांनी किंचित वागणूक बदलली, तरी सगळं गणित हलतं.

[दृश्य: उपग्रहचित्र, पेरूचा किनारा, समुद्रावर सलग पांढरा थर]

पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया. इथल्या थंड समुद्रांवर बुटक्या ढगांची चादर असते, जाडी जेमतेम काहीशे मीटर. समुद्र तापला की ती विरते, खाली जास्त ऊन पोहोचतं, समुद्र आणखी तापतो. पण किती विरेल? मॉडेल पृथ्वीचे चौकटींत तुकडे पाडतं. एकेक चौकट असते शंभरेक किलोमीटरची, आणि ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. चौकटीच्या आत काय घडतं ते ठोकताळ्यानं भरावं लागतं, आणि प्रत्येक गटाचा ठोकताळा वेगळा. तो तपासायला खरे थेंब मोजावे लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे ती याचसाठी. पावसाळ्यात तिथे ढगच उपकरणांत शिरतो.

दक्षिण महासागरावरची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. तिथल्या ढगांत शून्याच्या बऱ्याच खालीही पाणी गोठत नाही. जुनी मॉडेलं त्याचा भराभर बर्फ करून टाकत. मग जग तापलं की त्या बर्फाचं पाणी होई, ढग जास्त चकाकत आणि तापमानवाढीला ब्रेक लागे. नव्या मॉडेलांत ही चूक सुधारली, आणि तो ब्रेक ढिला पडला. काहींचं उत्तर ५ अंशांपलीकडे गेलं.

[दृश्य: बार्बाडोस, उड्डाणाच्या तयारीतलं संशोधन-विमान]

२०२० च्या सुरुवातीला बार्बाडोसजवळ विमानांनी व्यापारी वाऱ्यांतले छोटे ढग जवळून मोजले. तापमान वाढताच हे ढग झपाट्यानं वाळतील, ही काही मॉडेलांची भीती त्या मोजमापांत टिकली नाही.

२०२१ मध्ये आयपीसीसीनं नुसत्या मॉडेलांवर न विसंबता निरीक्षणं आणि प्राचीन हवामानाचे पुरावे एकत्र तोलले. पट्टा आक्रसला : अडीच ते चार. ‘ढगांचं नक्की नाही, म्हणजे तापमानवाढही नक्की नाही’ असं म्हणणाऱ्यांनी खालचा आकडा बघावा. सौम्य टोक दीडवरून अडीचवर सरकलं आहे. वरचं टोक बांधणं अजून अवघड आहे, आणि मे २०२४ मध्ये अवकाशात गेलेला अर्थकेअर उपग्रह आता ढगातले थेंब वर चढतात की खाली येतात, तेही रडारनं मोजतो आहे.