मांडीवरची गिटार: हवाई ते कलकत्ता

जगातली पहिली बऱ्यापैकी चाललेली इलेक्ट्रिक गिटार कशी दिसायची माहितीये? स्क्रीनवर बघा. लांब दांडा, पुढे छोटीशी गोल थाळी, सगळं अॅल्युमिनियमचं, म्हणून तिचं नावच पडलं फ्राइंग पॅन. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये विकायला आली. आणि ही गळ्यात अडकवून वाजवायची नाहीच, मांडीवर आडवी ठेवायची, कारण ती बनवली होती हवाईयन म्युझिक वाजवणाऱ्यांसाठी. रॉकवाले बरेच नंतर आले.

आता ही मांडीवरची भानगड सुरू कुठे झाली, तर हवाईतल्या ओआहू बेटावर, लाइए नावाच्या गावच्या एका पोरामुळे. जोसेफ केकुकू. साधारण 1889 ची गोष्ट, पोरगा कामेहामेहा स्कूलमध्ये शिकत होता. रेल्वेच्या रुळांवरून चालताना बोल्ट सापडला आणि तो तारांवर घासला असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं खिशातला कंगवा गिटारवर पडला. काही का असेना, बाकीचे लोक असला आवाज ऐकून हसले असते आणि विसरले असते, हा मात्र त्याच्या मागेच लागला आणि शाळेच्या वर्कशॉपमध्ये स्वतःसाठी स्टीलची पट्टी बनवून घेतली.

एक दावेदार अजून आहे बरं का, गेब्रिएल डेव्हियन, जन्म म्हणे भारतातला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला, फिरत फिरत होनोलुलूला पोचलेला, आणि तो केकुकूच्याही आधी असं काहीतरी वाजवायचा असं तेव्हाच्या एका संगीतकाराने सांगितलंय. आपल्याला ऐकायला भारी वाटतं, पण खरं सांगू, तंत्र पक्कं केलं आणि जगभर नेलं ते केकुकूनेच, त्यामुळे माझं मत त्यालाच.

हात जरा जवळून बघू. तारा वर उचललेल्या असतात, इतक्या की बोटाने दाबून पडद्याला टेकवायच्याच नाहीत. डाव्या हातात स्टीलचा बार, तो तारांवर नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. पडदे फक्त नजरेला खूण म्हणून. म्हणजे सूर सापडला तर सापडला, केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. पण जमलं की एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं, आपल्याकडे मींड म्हणतात तेच.

आणि मुळात हवाईत गिटार आली कुठून? 1830 च्या दशकात गुरं सांभाळायला मेक्सिकन काऊबॉय बोलावले, त्यांच्यासोबत. तिथल्या लोकांनी तारा सैल करून आपल्या पद्धतीने लावल्या, तीच ती स्लॅक की स्टाइल. युकुलेलेची जन्मकथाही तशीच, 23 ऑगस्ट 1879 ला रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागलं, त्यात मॅन्युएल नुनेससारखे सुतारकाम जाणणारे तिघं होते, त्यांनी आपल्या गावाकडच्या छोट्या गिटारवरून युकुलेले बनवायला घेतलं. राजा कालाकौआला ते आवडलं, मग काय विचारता! याच राजाने मिशनऱ्यांच्या दबावाने दडपला गेलेला हुला नाच 1883 च्या राज्याभिषेकात उघड नाचवला, भोपळ्याचे आणि शार्कच्या कातड्याचे जुने ढोल परत वाजले.

त्याची बहीण राणी लिलिउओकलानी, 'अलोहा ओए' हे गाणं तिचंच. 1893 मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी तिला गादीवरून उतरवलं, पुढे तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं, तिथेही ती गाणी लिहीत राहिली. 1898 ला देश अमेरिकेने गिळला आणि 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्याच देशाचं संगीत ऐकायला अमेरिकन लोकांची झुंबड उडाली. राग येतो ना? मला तरी येतो.

पण त्या क्रेझमुळे एक प्रॉब्लेम झाला, हॉल मोठे आणि गिटारचा आवाज बारीक. मग आधी आत धातूची तबकडी बसवलेल्या रेझोनेटर गिटारी आल्या, आणि मग जॉर्ज बीचम, जो स्वतः हवाईयन गिटार वाजवायचा, त्याने दोन नालेसारखे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं लावून पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बनवला. तीच फ्राइंग पॅन. इलेक्ट्रिक गिटारींसाठी नावाजलेल्या लिओ फेंडरनेही सुरुवातीला मांडीवरच्याच गिटारी विकल्या.

भारताचा धागा कलकत्त्यात आहे. ताऊ मो हा गिटारवादक, तोही लाइएतच वाढलेला, कुटुंबासकट जग फिरत होता आणि 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहिला, वाजवलं, शिकवलं. मुंबईत व्हॅन शिप्लेने याच गिटारवर हिंदी गाण्यांच्या ट्यून्स रेकॉर्ड केल्या, जुन्या रेडिओवाल्यांना लगेच आठवतील. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर सरळ राग मांडला, 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' अल्बम, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य आजही वाजवतात. त्यांचा एखादा आलाप ऐका आणि लगेच हवाईयन गिटारवादक सोल हूपीची 1920 च्या दशकातली एखादी रेकॉर्ड लावा, कमेंटमध्ये सांगा कुठली जास्त आवडली.