पिएताच्या मुली आणि लाल केसांचा पाद्री

व्हेनिसमध्ये पिएता नावाचं एक अनाथालय होतं. १३४६ सालापासूनचं. त्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. ज्या आईला बाळ पोसणं शक्य नसे किंवा उघडपणे आपलं म्हणता येत नसे, ती त्याला तिथे ठेवून जायची. कधी बाळाबरोबर पदकाचा अर्धा तुकडा असे आणि उरलेला अर्धा आईकडे. पुढेमागे दिवस पालटले, तर ओळख पटावी म्हणून.

संगीतकार अन्तोनियो विवाल्दीचं चरित्र मी इथून सुरू करतो, कारण या अनाथालयात वाढलेल्या मुली नसत्या तर आपण ज्याला विवाल्दीचं संगीत म्हणतो ते झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

विवाल्दीचा जन्म ४ मार्च १६७८चा. बाळ जगेल की नाही याची शाश्वती नव्हती, म्हणून सुइणीनेच घरी घाईघाईने बाप्तिस्मा उरकला. वडील जोव्हान्नी बात्तिस्ता मूळचे न्हावी, पण व्हायोलिनवर हात असा की सेंट मार्क चर्चच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली. मुलाची तालीम घरातच झाली. १७०३ मध्ये तो पाद्री झाला. केसांच्या रंगामुळे लोक त्याला ‘लाल पाद्री’ म्हणत. छातीत जन्मभर आवळून यायचं, आणि हेच कारण सांगून त्याने लवकरच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणणं सोडलं. त्याच १७०३ मध्ये पिएताने त्याला व्हायोलिन शिकवायला ठेवलं. पगार वर्षाला ६० डुकाट.

व्हेनिसमध्ये अशा चार संस्था होत्या आणि चारही ठिकाणच्या मुली गात-वाजवत. संस्थेतले मुलगे मोठे झाले की धंदा शिकून बाहेर पडत. मुलींपैकी ज्यांना गळा होता, हात होता, त्यांची निवड होऊन संगीताचं शिक्षण सुरू होई, तेही दहा-दहा वर्षं. बहुतेकींना आडनाव नव्हतं, म्हणून वाद्य हीच ओळख: व्हायोलिनवाली अन्ना मारिया, ओबोवाली पेलेग्रीना. सज्ज्यात, जाळीआड त्या वाजवत. ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. शार्ल द ब्रोस हा फ्रेंच गृहस्थ १७३९ मध्ये लिहून गेला की वाद्य कितीही मोठं असो, या मुली बिचकत नाहीत.

आता संगीतकाराच्या बाजूने बघा. रोज तालीम करणारा, पिढ्यान् पिढ्या टिकलेला, दुर्मीळ वाद्यांनी भरलेला वाद्यवृंद हाताशी आहे. आज सुचलेलं लगेच वाजवून बघता येतं. विवाल्दीच्या कॉन्चेर्तो या रचनाप्रकारात सगळा वृंद मिळून एक ओळ वाजवतो, मग एकच वाद्य मोकळं सुटतं, आणि पुन्हा ती ओळ येते. आपल्याकडे मुखड्यावर परत येतात ना, साधारण तसं. हा घाट त्याच्या आधीही होता, पण त्यातली धार अशा रोजच्या तालमीतून आली. १७४० मध्ये सॅक्सनीचा राजपुत्र भेटीला आला, तेव्हा विवाल्दीने एकाच रचनेत मॅन्डोलिन, थिओर्बो हे लांब मानेचं तंतुवाद्य, शालुमो हे क्लॅरिनेटसारखं सुषिरवाद्य, बासऱ्या असं सगळं मांडलं. हे वाजवणार कोण, हा प्रश्न त्याला पडलाच नसणार.

ही अन्ना मारिया साधारण १६९६ची. संस्थेतच वाढली, शिकली, पुढे स्वतः गुरू झाली आणि १७८२ मध्ये तिथेच वारली. विवाल्दीच्या काही कॉन्चेर्तोंच्या हस्तलिखितांवर तिचं नाव आहे. त्यातल्या अवघड जागा ऐकल्या की तिचा हात कसा असेल, याचा अंदाज येतो.

कारभाऱ्यांनी मात्र त्याला सुखाने राहू दिलं नाही. शिक्षकाची नेमणूक मतदानाने टिके किंवा जाई. १७०९ मध्ये सात विरुद्ध सहा मतांनी तो बाहेर पडला, १७११ मध्ये एकमताने परत आला. त्याच १७११ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा कॉन्चेर्तोंनी त्याचं नाव युरोपभर केलं. जर्मन संगीतकार बाखने त्यातले काही स्वतःच्या वाद्यांसाठी उतरवून घेतले. १७२५चे ‘चार ऋतू’ हे त्याचे सर्वांत गाजलेले कॉन्चेर्तो तुम्हाला ठाऊकच आहेत, त्यावर आज वेळ घालवत नाही. ऑपेराही पुष्कळ लिहिले. १७२३ मध्ये पिएताशी नवा करार झाला: महिन्याला दोन कॉन्चेर्तो, प्रत्येकी एक सोन्याचं नाणं.

हळूहळू व्हेनिसची आवड बदलली. १७४० मध्ये रचनांचा एक गठ्ठा पिएताला विकून तो व्हिएन्नाला गेला. त्याची कदर करणारा सम्राट सहावा चार्ल्स त्याच ऑक्टोबरमध्ये वारला. जुलै १७४१ मध्ये विवाल्दीही गेला, आणि अगदी साध्या विधीने त्याला पुरलं.

मग जवळपास दोनशे वर्षं विस्मृती. १९२६ मध्ये इटलीच्या पिएमॉन्ते प्रांतातल्या एका मिशनरी शाळेने जुनी हस्तलिखितं विकायला काढली. ट्युरिनचे प्राध्यापक आल्बेर्तो जेन्तीली यांनी ती तपासली, तर त्यात विवाल्दीच्या हातचे खंडच्या खंड! सरकारी ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ यांनी ते विकत घेऊन दिले, आपल्या लहानपणीच गेलेल्या माउरो या मुलाच्या नावाने. खंड अपुरे दिसत होते. उरलेले जेनोव्हाच्या एका सरदार घराण्यात सापडले, आणि तेही फिलिप्पो जोर्दानो यांनी आपल्या गेलेल्या रेन्त्सो या मुलाच्या नावाने दिले. दोन्ही संग्रह आज ट्युरिनला त्या मुलांच्या नावाने आहेत. जेन्तीली ज्यू होते. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांची प्राध्यापकी गेली, आणि पुढच्याच वर्षी सिएनाला विवाल्दी सप्ताह, म्हणजे त्याच्या संगीताचा उत्सव, झाला. हा अन्याय विवाल्दीबद्दल बोलताना सांगितलाच पाहिजे.

त्या सप्ताहात ‘ग्लोरिया’ हे विवाल्दीचं वृंदगायनासाठीचं स्तुतिगीत गायलं गेलं. आज ते पुरुष-स्त्रियांचे मिश्र वृंद गातात, पण पिएतात गाणाऱ्या सगळ्या स्त्रियाच. संस्थेच्या नोंदींत काही जणींच्या नावापुढे चक्क ‘टेनर’ आणि ‘बास’, म्हणजे एरवी पुरुषांचे मानले जाणारे खालचे आवाज, असं लिहिलेलं आहे. अलीकडे काही वृंद ही रचना केवळ स्त्रियांच्या आवाजात गातात. ते ध्वनिमुद्रण मिळवून ऐका, आणि खालच्या पट्टीतल्या ओळींकडे विशेष लक्ष द्या.